मोजमाप आणि प्रयोग: सहावी ते आठवीच्या मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहावी ते आठवीला विज्ञान शिकवताना मुलं दरवर्षी नवी येतात, पण प्रश्न बहुतेक तेच असतात. मी ते माझ्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले, त्यातून हे पान तयार झालं. परीक्षेपुरतं उत्तर हवं असेल तर पाठ्यपुस्तक पुरेसं आहे. इथे तास संपल्याची घंटा वाजल्यावर झालेल्या गप्पा जास्त आहेत.

बाई, घरी सगळे वीतभर, हातभर म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही. मग पट्टी कशाला?

अडत नाही हे खरंच आहे. आई तांदळावरचं पाणी बोटाच्या पेरानं मोजते आणि भात बिघडत नाही, कारण बोट तेच, पातेलं तेच आणि मोजणारीही तीच. अडतं ते दुसरं माणूस आल्यावर. आमच्या वर्गात एकच बाक सगळ्यांनी वितीनं मोजला. कोणाच्या आठ विती भरल्या, कोणाच्या साडेआठ, एकीच्या नऊ आणि माझ्या साडेसात. भांडण जुंपलं. खरं तर कोणीच चुकीचं मोजलं नव्हतं, प्रत्येकाची वीतच वेगळी होती. घेणारा आणि देणारा वेगळे झाले की दोघांना मान्य असलेलं माप लागतं. त्यालाच आपण प्रमाणित एकक म्हणतो.

आजोबा अजून गुंठे आणि तोळे म्हणतात. ते चूक का?

अजिबात नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. हिशोब चोख आहे. तोळ्याचं मात्र जपून. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण आज सराफाकडे बहुतेक वेळा १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. पावशेराचीही तीच गत. ब्रिटिश काळातला प्रमाणित शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता, त्यामुळे पावशेर सुमारे २३३ ग्रॅम भरतो. आजी आज ‘पावशेर भेंडी’ म्हणते आणि भाजीवाला २५० ग्रॅम तोलतो. शब्द तोच राहिला, माप बदललं. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. तरी ‘सोळा आणे खरं’ हे आपण अजून म्हणतोच.

एक मीटर म्हणजे नेमकं एवढंच, हे ठरवलं कोणी?

१७९१ मध्ये फ्रान्समध्ये ठरलं की उत्तर ध्रुवापासून पॅरिसवरून विषुववृत्तापर्यंत जेवढं अंतर भरेल त्याचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. कल्पना सुरेख होती. राजाच्या हाताची किंवा पावलाची लांबी नको, पृथ्वीच माप देईल आणि पृथ्वी सगळ्यांचीच. मग देलांब्र आणि मेशां हे दोन खगोलशास्त्रज्ञ डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचा पट्टा प्रत्यक्ष मोजायला निघाले. मध्ये राज्यक्रांतीची धामधूम, त्यामुळे काम कित्येक वर्षं चाललं. या मेशांची एक गोष्ट पुढे येणार आहे, नाव लक्षात ठेवा.

पुढे प्लॅटिनम-इरिडियमची पट्टी हा नमुना झाला. १९६० मध्ये तीही गेली. १९८३ पासून प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढा एक मीटर. किलोग्रॅमचाही धातूचा ठोकळा होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत भारताला मिळाली आणि ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही ठोकळ्यावरून न ठरता प्लँकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवरून ठरतो. तुमच्या वाण्याचं लोखंडी वजन कधी उलटं करून पाहा. तळाच्या खड्ड्यात शिसं भरलेलं असतं आणि त्यावर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का उठवलेला असतो. तिथून सुरू होणारी तपासणीची साखळी दिल्लीपर्यंत जाते.

उत्तर बरोबर होतं, फक्त एकक लिहिलं नाही. तरी मार्क का कापला?

कारण ‘लांबी १२’ हे उत्तरच नाही. बारा काय? बोटं, फूट की किलोमीटर? नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोहोचता पोहोचता हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत काढत होतं आणि पुढचे लोक ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. एक पाउंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. आकडे बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि यान मंगळाच्या वातावरणात नको तितकं खाली शिरलं. तुमचा तर एकच मार्क गेला.

माझ्या पट्टीचं टोक झिजलंय. नवी घ्यायला हवी का?

नको. शून्याऐवजी १ सेमीच्या रेघेपासून मोजा आणि शेवटी एक वजा करा. वजा करायला विसरणारे निम्मे असतात, हे आधीच सांगून ठेवते. शिवाय डोळा रेघेच्या बरोबर समोर हवा. बाजूनं पाहिलं की तीच पेन्सिल एकदोन मिलिमीटर लांब किंवा आखूड दिसते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. भिंतीवरच्या घड्याळात एका बाकावरून बाराला दोन मिनिटं कमी दिसतात आणि पलीकडच्या बाकावरून बारा वाजून गेलेले दिसतात, तो हाच प्रकार. मधल्या सुट्टीच्या आधी हा वाद रोज होतो.

लघुत्तम माप म्हणजे काय? आणि पट्टीनं कागदाची जाडी कशी मोजणार?

उपकरणावरच्या दोन लगतच्या रेघांमधलं अंतर जेवढं दाखवतं ते त्याचं लघुत्तम माप. कंपासपेटीतल्या पट्टीचं १ मिमी. म्हणून त्या पट्टीनं मोजून कोणी पेन्सिलीची लांबी १२.३४७ सेमी लिहिली, तर शेवटचे आकडे पट्टीनं दिलेले नाहीत, कल्पनेनं दिले आहेत.

कागद पट्टीपेक्षा हुशारीनं मोजता येतो. शाळेच्या ऑफिसातली ५०० कागदांची रीम बघा, ती साधारण ५ सेमी जाड भरते. ५० मिमी भागिले ५००, म्हणजे एक कागद ०.१ मिमी. वहीवर हे करताना एक खड्डा आहे: २०० पानी वहीत कागद १००च असतात. दरवर्षी अर्धा वर्ग या खड्ड्यात पडतो आणि मी पडू देते.

वजन आणि वस्तुमान यात फरक काय?

वस्तुमान म्हणजे पदार्थ किती आहे ते, किलोग्रॅममध्ये. वजन म्हणजे त्याला गुरुत्व किती जोरानं ओढतं ते, न्यूटनमध्ये. चंद्रावर एक किलो साखर ताणकाट्याला अडकवली तर काटा पृथ्वीवरच्या एकषष्ठांश जागी थांबेल. पण दांडीतराजूत समोर एक किलोचं माप ठेवलं तर पारडी समतोलच राहतील, कारण दोन्ही बाजूंची ओढ सारखीच कमी झाली. बाजारात ‘वजन दोन किलो’ म्हणायला माझी हरकत नाही. उत्तरपत्रिकेत आहे.

एकच गोष्ट पाच वेळा मोजली आणि पाच वेगवेगळी उत्तरं आली. म्हणजे आमचा प्रयोग फसला का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे. आधी प्रयोग करा. दोऱ्याला लहान दगड बांधा. टांगलेल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेमी भरू द्या. थोडा बाजूला घेऊन सोडा. जाऊन परत आला की एक आंदोलन. अशी २० आंदोलनं मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा.

एका गटाच्या वहीत असे आकडे होते: २०.२, १९.९, २०.१, २०.३ आणि १९.१ सेकंद. पहिले चार बघा. दगड तोच, दोरा तोच, तरी आकडे हलतात, कारण बटण दाबणारा अंगठा माणसाचा आहे. डोळ्यानं पाहून बोट हलायला साधारण ०.२ सेकंद जातात आणि तेही दर वेळी सारखे नाहीत. घड्याळ शंभरावा भाग दाखवतं म्हणून आपण शंभराव्या भागापर्यंत अचूक मोजलं असं होत नाही. मोबाईलवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

वीस आंदोलनं का, तेही आता कळेल. एकच आंदोलन मोजलं तर सुमारे १ सेकंदात ०.२ ची गडबड, म्हणजे शंभरात वीस. वीस मोजली तर तीच गडबड २० सेकंदांत मुरते, शंभरात एक उरते. घड्याळ बदललं नाही, अंगठा बदलला नाही, फक्त मोजायची रीत बदलली.

तेव्हा थोडे वेगळे आकडे येणं हा मोजण्याचाच भाग आहे. पाचही वेळा तंतोतंत २०.० लिहिलेली वही आली की मी त्या गटाला पुढे बोलावते आणि माझ्यासमोर मोजायला लावते.

ते १९.१ खोडू का? सरासरी बिघडते.

खोडायचं नाही. आधी ते आलं कसं ते शोधायचं. त्या गटाला मी पुन्हा मोजायला लावलं आणि नुसतं ऐकत बसले. या खेपेला मोजणारी मुलगी दगड सुटताक्षणी म्हणाली, “एक!” सुटताना शून्य म्हणायला हवं. तिची वीस आंदोलनं म्हणजे खरी एकोणीसच, आणि एका आंदोलनाला सुमारे एक सेकंद, म्हणून बरोबर एक सेकंद कमी. कारण सापडलं. वहीत १९.१ तसंच राहिलं, त्याच्या शेजारी ‘मोजणी एकपासून सुरू केली, सरासरीत धरलं नाही’ असं लिहिलं. उरलेल्या चारांची सरासरी २०.१ सेकंद. कारण सापडलं नसतं तर पाचही धरून सरासरी काढावी लागली असती, म्हणजे १९.९. नको असलेला आकडा आवडत नाही एवढ्यावरून काढता येत नाही.

आता मेशांची गोष्ट. बार्सिलोनात त्यानं ताऱ्यांवरून अक्षांश दोन जवळच्या ठिकाणांहून मोजले आणि दोन्हींत काही विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मेळ बसेना. माणूस अतिशय काटेकोर. त्याला वाटलं, आपणच कुठेतरी चुकलो. ती विसंगती त्यानं सहकाऱ्यांपासून लपवली आणि १८०४ मध्ये मरेपर्यंत तिच्या ओझ्याखाली राहिला. मृत्यूनंतर त्याच्या वह्या देलांब्रच्या हाती आल्या तेव्हा ते उघड झालं. वाईट याचं वाटतं की त्याचं मोजमाप उत्तमच होतं. कितीही काळजी घेतली तरी मापांत थोडी त्रुटी उरते आणि ती हिशोबात धरायची असते, ही समज तेव्हा रुळलेली नव्हती. तुम्हाला ती सातवीतच मिळते आहे.

गृहीतक म्हणजे अंदाजच ना? आणि ते चुकलं तर मार्क जातात का?

अंदाजच, पण तपासता येईल असा. ‘मूग छान वाढतील’ हे तपासता येत नाही. ‘उजेडातल्या मुगाची रोपं अंधारातल्यांपेक्षा उंच होतील’ हे पट्टीनं तपासता येतं. हेच करून पाहा. दोन वाट्यांत ओला कापूस, प्रत्येकीत वीस मूग. एक वाटी खिडकीत, एक कपाटात खोक्याखाली. पाणी दोन्हींना रोज सारखंच, चमच्यानं मोजून.

आठवड्यानं वाट्या शाळेत आल्या की वर्गात कुजबुज सुरू होते. अंधारातली रोपं जास्त उंच! दरवर्षी कोणीतरी घाबरून वाट्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल करून आणतं. मला ते लगेच कळतं, कारण उंच रोपं पिवळट असतात, लुळी असतात, वाटीच्या काठावर मान टाकून पडलेली असतात. बीमध्ये साठवलेलं अन्न वापरून रोप उजेड शोधायला नुसतं देठ लांबवत असतं. गृहीतक चुकलं, पण त्यातून दुसरा, जास्त चांगला प्रश्न निघाला: ‘वाढ’ म्हणजे आपण मोजलं काय? उंची? पानं? की रोप वाळवून त्याचं वस्तुमान? उंची मोजली तर अंधार जिंकतो, हिरवी पसरलेली पानं मोजली तर उजेड. मार्क जात नाहीत. चिठ्ठ्या बदलल्या तर जातात.

एका वेळी एकच गोष्ट बदला असं का म्हणता? वेळ वाचतो ना दोन बदलल्या तर.

परत दोरा आणि दगड घ्या. एकदम लांब दोरा आणि जड दगड घेतला, आंदोलनं सावकाश झाली. कशामुळे? दोऱ्यामुळे की दगडामुळे? सांगता येणार नाही, मग वेळ वाचला कुठे? दोरा तेवढाच ठेवून फक्त दगड बदला, लांबी पुन्हा दगडाच्या मध्यापर्यंत मोजून घ्या. वेळ जवळपास तोच येतो, मुलांचा विश्वास बसत नाही. मग फक्त दोरा बदला. ५० सेमी केला की सगळे म्हणतात, लांबी दुप्पट, वेळही दुप्पट, ४० सेकंद. येतात साधारण साडेअठ्ठावीस. चाळीससाठी दोरा दुप्पट नव्हे, चौपट लागतो, पुरा एक मीटर. असं का, ते पुढच्या इयत्तांत. सध्या आलेख काढा, रेघ सरळ येत नाही एवढं बघा.

निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. या पायऱ्या पाठ करायच्या का?

परीक्षेसाठी करा. पण जिना चढल्यासारखं कोणी त्या क्रमानं चढत नाही. मुगाच्या वाटीत आपण निष्कर्षापर्यंत जाऊन परत पहिल्या पायरीवर घसरलो, आणि प्रयोगाचा सगळ्यात कामाचा भाग तोच होता.

पाऊस पाणी आहे, मग तो लिटरऐवजी मिलिमीटरमध्ये का मोजतात?

अंगणात बादली आणि घंगाळ ठेवा. घंगाळ रुंद, त्यात लिटरनं पाणी जास्त जमेल. मग पाऊस किती झाला म्हणायचा? पण दोन्हींच्या भिंती सरळ उभ्या असतील तर पाण्याची उंची दोन्हीकडे सारखीच असेल. म्हणून उंची. एक चौरस मीटर जागेवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिमी पडला तर हजार लिटरची टाकी भरेल एवढं पाणी वाहून जातं.

पर्जन्यमापक घरी होतो. सरळ भिंतींच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापा आणि तेच उलटं करून नरसाळ्यासारखं बसवा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत आधीच पाणी भरा आणि तिथे शून्य खुणा. झाडाखाली किंवा वळचणीला ठेवू नका. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्या, हवामान खात्याची वेळ तीच आहे. तुमचा आकडा पेपरातल्या आकड्याशी जुळला नाही तर लगेच खट्टू होऊ नका. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे ७३ मिमी. दोन्ही यंत्रं ठीक होती.

डोंगराची उंची कशी मोजतात? टेप तर लावता येत नाही.

जमिनीवर एक रेघ अतिशय काटेकोर मोजायची आणि तिच्या दोन्ही टोकांवरून शिखर किती अंशांत दिसतं ते पाहायचं. बाकीचं काम त्रिकोण करतो. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज सर्वेक्षकानं १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची अशी रेघ पोलादी साखळीनं मोजली. उन्हानं साखळी लांबते म्हणून ती सावलीत ठेवून, शेजारी तापमापक ठेवून. हे काम करत करत उत्तरेकडे सरकताना तो १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याच सर्वेक्षणातून पुढे गणितज्ञ राधानाथ सिकदर यांच्या आकडेमोडीवरून एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. आजचा आकडा ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. शंभराहून जास्त किलोमीटर अंतरावरून बघून फरक पडला तो तीस फुटांचा.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं मेसेजमध्ये आलं होतं. खरं का?

तपासू. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशाचं, रंग सुटे करून दाखवणाऱ्या वर्णपटमापकानं निरीक्षण केलं. ते होते आंध्रातल्या गुंटूरला. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर यांनी तशाच ज्वाळांच्या वर्णपटातली पिवळी रेघ, म्हणजे हेलियमची खूण, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अभ्यासली, ती इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. विजयदुर्गावर लॉकयर आले होते हे खरं, पण जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅम्से या शास्त्रज्ञांनी १८९५ मध्ये पृथ्वीवरही हेलियम शोधून काढला होता. म्हणजे माणूस खरा, जागा खरी, ग्रहणही खरं, फक्त तीस वर्षांची गल्लत. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, ते बघायला जरूर जा. मेसेज पुढे पाठवण्याआधी तारखा जुळवा.

प्रयोगवही पेननं लिहायची की पेन्सिलनं?

वाचनं पेननं. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खोडरबर आणि व्हाइटनर दप्तरातच ठेवा. आकृत्या पेन्सिलनं.